शून्य युनिटचं घर

आधीच सांगून ठेवते, अजगर चुकला नाही. चौकशीच्या अहवालात तसं लिहून आलंय, बोकील मॅडमनी मला तीनदा समजावून सांगितलंय, आणि मलाही ते पटतं. माझे दाजी गेले, तरी अजगराचा हिशेब बरोबर होता. कुणी विचारलंच की मग चुकलं कोण, तर मी माझा उजवा अंगठा पुढे करते. 

मी रेणुका लष्करे. ओढे-नाले विभागात मुकादम. नोकरीची बत्तीस वर्षं झाली. पहिली दहा गटारात उतरण्यात गेली, पुढची काठावर उभं राहून ओरडण्यात. माझ्या आवाजाला माणसं टरकतात. नवरा म्हणायचा, "तुला भोंगा कशाला हवा, तूच बोल." तो गेला त्याला आता सहा वर्षं झाली.

आम्ही वडार. आमच्या आज्या-पणज्यांनी जांभूळओढ्याच्या दोन्ही काठांना काळ्या दगडाच्या भिंती बांधल्या आणि त्या भिंतींच्या आडोशालाच पाथरवट वस्ती वसवली. माझी थोरली बहीण अक्का त्याच वस्तीत दिली होती. तिचे यजमान हणमंत धोत्रे म्हणजे माझे दाजी. वस्तीत छन्नी धरणारे ते शेवटचे. दगडावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "ह्याच्या पोटात चीर हाय, ह्यो ठेव बाजूला." आमची आई लवकर गेली. मला अक्कानं वाढवलं आणि डिप्लोमाला दाजींनी घातलं. त्या दोघांना मूल नव्हतं, म्हणजे जे काही होतं ते मीच.

तर गोष्ट अशी, की जांभूळओढ्याच्या डाव्या भिंतीनं पोट काढलं. एकशेवीस मीटरचा तुकडा फुगून बाहेर आला. आज पडतो की उद्या, अशी गत. तो उतरवून नवा बांधायचं ठरलं. काम पावसाळा संपल्यावर व्हायचं, पण ह्या टेबलावरून त्या टेबलावर कागद फिरता फिरता पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला, आणि साहेबलोकांना अचानक घाई सुटली. भर पावसात ओढ्याची भिंत काढायची! मी तोंडावर सांगितलं, "साहेब, दाराची कडी काढून चोराला हाक मारताय." साहेब म्हणाले, "रेणुकाबाई, नवीन यंत्र येतंय. भिंत परत उभी राहीपर्यंत तेच भिंत."

मग तो अजगर आला. कागदावर त्याचं नाव हातभर लांब होतं, पण ट्रकमधून ती जाडजूड हिरवी नळी उतरताना बघून वस्तीतल्या पोरांनी एका मिनिटात बारसं केलं.

बोकील मॅडम अजगर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियर. वयानं माझ्या निम्म्या, पण काठावर चिखलात उभ्या राहायच्या, म्हणून मला आवडल्या. त्यांनी मला अजगर उलगडून दाखवला. दुहेरी कापडाची नळी, पुरुषभर उंच. आत ओढ्याचंच पाणी भरायचं. पाणी पाण्याला अडवतं ते वजनानं, म्हणून खुंट्या नकोत, पाया नको, मजूर नकोत. दुपारी आणला की संध्याकाळी बांध तयार. त्या पाण्यात एक पूड घालतात. तिला बारीकसा करंट दिला की पाणी पिठल्यासारखं घट्ट होतं, करंट काढला की परत पातळ. नळीला दर दोन मीटरला आतून पडदा, असे साठ कप्पे. प्रत्येक कप्प्याच्या तळाला दाब मोजणारी पट्टी. जिथे पाणी जोर करेल तिथे अजगर स्वतःहून अंग घट्ट करतो.

"आणि पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं तर?" मी विचारलं.

"तेवढी वेळ येऊ द्यायचीच नाही," मॅडम म्हणाल्या. "पाणी त्याच्या पाऊण उंचीला आलं की तो तरंगायला लागतो. मग एकदम लोळतो, अख्खा. एकशेवीस मीटरचं पाणी एका वेळी वस्तीत. म्हणून त्याआधी तो एक कप्पा पातळ करून खाली बसवतो. तिथून थोडं पाणी जातं, ओढ्याची पातळी हातभर उतरते, बाकी सगळे वाचतात."

"कुठला कप्पा?"

"ज्याच्या मागे सगळ्यात कमी माणसं असतील तो."

मी अक्काच्या घरी जाऊन दाजींना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "ह्यात नवं काय? आमच्या आज्यानं भितीत एक जागा मुद्दाम बुटकी ठिवली व्हती. पाणी लई झालं की तिथनं जायाचं. मागं नुसता माळ. तिथं घर बांधायचं न्हाई आसं पंचांनी ठरिवलं व्हतं." मग पुढे त्या माळावर लाकडाची वखार झाली, आणि वखारीला लागून, वस्तीच्या अगदी टोकाला, लग्नानंतर दाजींनीच दोन खोल्या बांधल्या. दुसरीकडे जागा कुठे होती? अक्का पाट्यावर मिरची वाटता वाटता म्हणाली, "पंचांचं ऐकलं आसतं तर आज झाडाखाली ऱ्हात असतो."

आता माणसं कुठे आहेत हे अजगराला कळायचं कसं? फोनवरून माणसाचा ठावठिकाणा काढायला कायद्यानं बंदी आलेली. पण नवे वीजमीटर घरोघरी बसले होते. ते दर पंधरा मिनिटांना आकडा पाठवतात. त्या आकड्यावरून अजगर ओळखायचा. पहाटे शेगडी लागली, म्हणजे कामावर जाणारं माणूस आहे. दिवसभर पंखा, म्हणजे म्हातारं माणूस. रात्री सारखा दिवा लागतो, म्हणजे तान्हं पोर. आणि दोन दिवस शून्य युनिट, म्हणजे घर बंद, मंडळी गावाला. त्यासाठी घरटी एकाची सही हवी होती.

वस्तीत कोण सही करतंय! समाजमंदिरात मीटिंग घेतली तर अर्धी माणसं उठून गेली. "आमच्या घरात कवा दिवा लागतो ते सरकारला कशापायी?" मी दीड तास घसा फोडला. सांगितलं, हे तुमच्या जिवासाठी आहे, माणूस खोटं बोलेल पण मीटर खोटं बोलत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दाजी गुडघ्यावर हात ठेवत उठले.

"ह्या मशीनला घरात कोण हाय ते कळंल, हे मला काय खरं वाटत न्हाई," ते म्हणाले. "पर आमची रेणू म्हनतीया ना. आना हिकडं कागद."

पहिली सही त्यांची. त्यांच्यामागून सगळ्यांच्या.

एक गोष्ट राहिली. कप्पा खाली बसवायच्या आधी अजगर माणसाचा अंगठा मागतो. त्यासाठी मला काचेची एक पाटी दिलेली, मोठ्या फोनसारखी. तिच्यावर कप्प्याचा नंबर येतो, मागची माणसं किती ते येतं, आणि नव्वद सेकंद मिळतात. अंगठा लावला तर लगेच बसवतो. नाही लावला तर नव्वद सेकंदांनी आपलं आपण बसवतो. मी म्हटलं, मग अंगठा हवा कशाला, शोभेला? मॅडम म्हणाल्या, "त्याला माहीत नाही असं काही तुम्हाला माहीत असेल, तर तुम्ही त्याला थांबवावं म्हणून."

हे वाक्य मला तेव्हा नुसतं ठीक वाटलं होतं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. अजगरानं दोन मोठे पाऊस अडवले, एकही कप्पा खाली बसवावा लागला नाही. माणसं त्याच्यावर गोधड्या वाळत घालायला लागली. नवी भिंत अर्ध्यावर आली. आणि ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी अक्का गेली. चहाचं आधण ठेवलं, म्हणाली छातीत कसंसंच होतंय, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच बसली. दाजींनी हाक मारेपर्यंत संपलं होतं.

मी रडले किती ते सांगत नाही. मला आई नव्हती, अक्का होती, आता तीही नव्हती.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात दहाव्यापर्यंत चूल पेटत नाही. शेजारपाजार आळीपाळीनं डबा देतो. जिथे जीव गेला तिथे तेलाचा दिवा लावायचा, तो दहा दिवस विझू द्यायचा नाही, आणि त्याला एकटा सोडून घरातल्यांनी उंबरा ओलांडायचा नाही. दाजी त्या दिव्यापाशी भिंतीला टेकून बसून राहिले. वरच्या गल्लीतली जैबू चाची सकाळी भाकरी द्यायची, संध्याकाळी मी पिठलं-भात न्यायचे.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. पाहुणे आपापल्या गावाला गेले. तिन्हीसांजेला मी आणि दाजी दोघंच उरलो. फ्रिज घरघरत होता.

"रेणू," दाजी म्हणाले, "त्या फ्रिजची घरघर बंद कर गं. हिला झोप लागत न्हवती त्यानं."

"दूध आहे आत."

"जैबूला दे. मला एकट्याला कशाला दूध?"

मी दूध काढलं, फ्रिज बंद केला. अंधार पडायला लागला होता म्हणून दिव्याच्या बटणाकडे हात नेला तर म्हणाले, "बल्ब नगं. येवढा उजेड केल्यावर तिला दिवा कसा दिसंल? घर चुकंल ती."

म्हटलं, बरं. पण म्हाताऱ्याला रात्री सवय, उठून बटण दाबायची. म्हणून मी दाराजवळच्या पेटीपाशी गेले आणि मेनच खाली ओढला. सगळं घर गप्प झालं. दिव्याची ज्योत तेवढी दिसायला लागली. दाजींनी भिंतीला डोकं टेकलं. म्हणाले, "हां. आता बरं वाटतंय." मलाही बरं वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांना माझ्या हातून काहीतरी बरं वाटलं होतं.

बघा, मेन मी खाली ओढला. मी. त्यांनी नव्हे.

मला लग्न होऊन गेलेल्या मुलीचं सुतक, तीन दिवसांचं. बुधवारी कामावर हजर झाले. साहेब म्हणाले, रजा घ्या. मी म्हटलं, घरी बसून भिंतीशी बोलू का? शुक्रवारी, सहाव्या दिवशी, सकाळी जैबू चाचीच्या नातवाला ताप होता म्हणून भाकरी मीच नेली. दाजी खाली बघून खात होते. मी निघताना म्हणाले, "आभाळ बघितलंस का? परतीचा पाऊस वंगाळ. काठावर लई फुडं उभी ऱ्हाऊ नगंस." मी म्हटलं, अजगर आहे ना. ते म्हणाले, "त्यो हाय. पर तू माझी हायस."

हे माझं आणि त्यांचं शेवटचं बोलणं.

दुपारी पावणेतीनला वरच्या डोंगरात ढग फुटला. आमच्याकडे नुसती भुरभुर, आणि ओढा बघता बघता भरला. पाणी काळं, त्यात झाडं, एक अख्खा पत्रा. मी ओढ्याच्या वरच्या अंगाला पुलावर उभी, हातात पाटी. मागे पंपांचा आवाज इतका, की माझा आवाज मला ऐकू येईना. अजगर जोर लावत होता. त्याचं अंग जागोजागी ताठ झालेलं दिसत होतं. भोंगा झाला. वरच्या गल्लीतली माणसं लेकरं उचलून शाळेकडे निघाली. ज्या घरांत माणसं आहेत असं अजगराला वाटत होतं, त्या प्रत्येक घरी त्यानं स्वतः फोन लावला. बंद घरांना फोन करत नाही तो. कोण उचलणार?

तीन वाजून अकरा मिनिटांनी पाटी थरथरली.

कप्पा त्रेपन्न. मागे मीटर सात. वापर शून्य. माणसं शून्य.

त्याखाली दुसरा पर्याय. कप्पा एकोणीस. मागे मीटर नऊ. माणसं एकवीस.

खाली नव्वदपासून उलटे आकडे.

त्रेपन्न म्हणजे वखार. वखार बंद होती, दिवाळीपर्यंत मालक उघडणार नव्हता. वखारीचे मीटर सहा. हे मला माहीत होतं. सहा. पाटीवर सात लिहिलेलं मी वाचलं. सातवं कुणाचं, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण त्या क्षणी मी फक्त शून्य बघितलं. दोन महिने मीच घसा फोडून सांगत होते की मीटर खोटं बोलत नाही, तेव्हा शून्याच्या मागे जाऊन बघावं असं माझ्या मनातही आलं नाही.

मी अंगठा लावला तेव्हा आकडा सत्तर होता.

त्रेपन्नावा कप्पा हळूच बसला. पाणी त्यावरून वखारीत शिरलं, फळ्या वर उचलल्या गेल्या, आणि ओढ्याची पातळी खरंच हातभर उतरली. पंपावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी, देवा, मी पुलाला टेकलेल्या त्या अजगराच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "शाब्बास रे माझ्या वाघा."

तेवढ्यात शाळेकडून जैबू चाची धावत आली. पदर नाही, पायात चप्पल नाही.

"रेणू, हणमंतभाऊला काढलंस न्हवं?"

मी विचारलं, "कुठून?"

आणि विचारता विचारता मला सगळं कळलं.

पाण्यात उतरायला निघाले तर चौघांनी मला धरून ठेवलं. चावले मी एकाला. चाळीस मिनिटांनी पाणी कमरेखाली आलं, तेव्हा दोरी बांधून गेलो. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. खोलीत छातीइतकं पाणी चढून उतरल्याची ओल भिंतीवर दिसत होती. दाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होते, अक्का बसली होती तिथेच. गुडघे त्यांचे दुखरे, फळीपर्यंत हात पुरावा म्हणून पाट घेतला होता, तो उलटा पडला होता.

वरच्या फळीवर, अक्काच्या डब्यांच्या रांगेत, दिवा होता. नव्यानं तेल घातलेला. पेटता.

म्हणजे पाणी आत आलेलं त्यांना कळलं होतं. दारातून बाहेर पडायला वेळ होता, निदान थोडा. त्यांनी तो वेळ दिव्याला दिला.

चौकशी महिनाभर चालली. यंत्र नियमाप्रमाणे चाललं, मुकादम नियमाप्रमाणे वागल्या, एकशे तीस घरं वाचली. साहेब म्हणाले, तुमचं नाव शिफारशीत घालतो. मी म्हटलं, घाला, मी राजीनामा घालते. ते परत त्या विषयावर आले नाहीत.

बोकील मॅडम मात्र घरी आल्या. खुर्ची दिली तर जमिनीवर बसल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही, मावशी, की घरात माणूस असून चूल पेटणार नाही. आता आम्ही यादीत एक रकाना घालतोय. दुखवटा."

पहिल्यांदाच मला मावशी म्हणाल्या. आणि मी त्यांच्यावर ओरडले.

"तुमच्या डोक्यात आलं नाही ते ठीक आहे. तुम्ही परक्या. माझ्या डोक्यात यायला हवं होतं! अंगठा कशासाठी ठेवला होता? त्याला माहीत नाही आणि मला माहीत आहे, ते सांगायला! त्या सकाळी मी त्यांना भाकरी देऊन आले होते. मेन माझ्या हातानं बंद केलेला. मेन बंद आहे आणि आत माणूस आहे, हे अख्ख्या शहरात एकट्या मला माहीत होतं, आणि माझ्याकडे सत्तर सेकंद शिल्लक होते."

त्या रडायला लागल्या. मग मीही.

थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "माहीत असतं, तरी पलीकडे एकवीस माणसं होती. काय केलं असतं तुम्ही?"

खरं सांगू? मला माहीत नाही. रात्ररात्र मी हेच विचारते. कदाचित त्रेपन्नच दाबला असता. पण आधी त्यांना फोन केला असता. सत्तर सेकंदांत एक माणूस उंबऱ्याबाहेर येतो. मी ओरडले असते तर दाजींनी दिवा हातात घेऊन का होईना, दार गाठलं असतं. ते माझं ऐकायचे.

मॅडमना मी म्हटलं, "रकाने घाला हवे तेवढे. पण माझी एक अट लिहून घ्या. ज्या कप्प्याचं पाणी सोडायचं, त्याच्या मागचं दार आधी माणसानं वाजवायचं. मीटर माणूस आहे म्हणाला, तर आतला माणूस बाहेर आल्याशिवाय कप्पा बसणार नाही. शून्य म्हणाला, तरी नव्वद सेकंद दार वाजवायचं."

कंपनीनं का-कू केलं, शेवटी मान्य केलं. आता प्रत्येक पाळीला दोन बायका असतात काठावर, दार वाजवायला. त्या मीच नेमल्या. दोघींचा आवाज मोठा आहे.

वस्तीनं आपलं आपण आणखी एक केलं. कुणी शिकवलं नाही, कुणी ठराव केला नाही. आता वस्तीत कुणी गेलं की तेलाच्या दिव्याशेजारी एक पंखा चालू ठेवतात. दहा दिवस, रात्रंदिवस. दिवा गेलेल्या माणसासाठी, पंखा राहिलेल्यांसाठी. पंख्यानं ज्योत फडफडते म्हणून मध्ये पाट उभा करतात. आणखी वीस वर्षांनी लोक म्हणतील, आपल्यात पूर्वापार असंच आहे.

आणि मी काय केलं, तेही सांगते. दाजींचं दहावं झालं, त्यांना अग्नी मीच दिला होता, सगळं मीच केलं. मग त्यांच्या घरी गेले, चिखल काढला, तारा बदलून घेतल्या, मेन वर केला आणि पुढच्या खोलीत एक बल्ब लावून आले. कुलूप लावलं. बल्ब विझवला नाही. कशासाठी, ते मला विचारू नका. घरी गेल्यावर पाटी उघडून बघायचे. दाजींच्या मीटरपुढे आकडा यायचा. वापर आहे. माणसं, एक.

रोज बघायचे. सकाळ-संध्याकाळ. माणसं, एक. मी पाटीला म्हणायचे, असू दे रे, असू दे.

अडीच महिने हे चाललं. नवी भिंत जवळजवळ झाली होती, फक्त वखारीकडचा तुकडा राहिला होता, आणि अजगर तेवढ्यापुरता उरला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अवकाळीचा इशारा आला. सकाळी नऊ वाजता मॅडमचा फोन.

"मावशी, त्रेपन्नच्या मागे एक माणूस दाखवतंय. धोत्र्यांच्या घरात. कुणी भाडेकरू ठेवलाय का?"

"बल्ब आहे तो," मी म्हटलं.  त्यांना कळलं असणार.

"मावशी," त्या म्हणाल्या, "आज दुपारी पाणी चढलं, तर तुमच्या त्या दोघी तिथे दार वाजवत बसतील. आतून कुणी बाहेर येणार नाही. आणि कुणी बाहेर येत नाही तोवर कप्पा बसणार नाही. नियम तुम्हीच लिहून घेतलाय."

"कळतं मला," मी म्हटलं.

"मी इथून काढू शकते ते नाव. तुम्हाला जायला नको."

"नको," मी म्हटलं. "तुम्ही हात लावू नका. मी जाते."

लख्ख ऊन होतं. वस्तीत बायका अंगणात भांडी घासत होत्या. जैबू चाचीनं लांबून बघितलं, पण हाक मारली नाही. मी किल्ली काढली. मग किल्ली हातात तशीच ठेवून आधी दार वाजवलं. नियम तो नियम. तिथे कुणी राहत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण मागच्या वेळी माहीत असूनच मी ते विसरले होते.

"दाजी," मी हाक मारली. "दाजी, मी रेणू. आत कुणी आहे का?"

नव्वद सेकंद थांबले. मनात मोजत. सत्तरला थांबले नाही.

मग कुलूप काढलं. बल्ब जळत होता, दिवसाउजेडी उगाचच. वरच्या फळीवर डबे होते तसे होते. मी पेटीपाशी गेले आणि मेन खाली ओढला. तीच पेटी, तोच मेन, हातही तोच.

दोन दिवस थांबायला वेळ नव्हता, म्हणून पाटीनं मला सरळ विचारलं, घर रिकामे आहे याची खात्री केली का. मी बाहेर येऊन उंबऱ्यावर बसले. दाजींना सोडायला माझं मन तयार नव्हतं, पण पलीकडे गल्लीत पोरं खेळत होती, त्यांचा आवाज येत होता.

मी अंगठा लावला.